सिफ्नोस: वारा पाहून किनारा, बस पाहून गाव

एजियन समुद्रात किथनोस, सेरिफोस, सिफ्नोस, मिलोस अशी बेटांची एक ओळ आहे. सिक्लेडीस द्वीपसमूहाची ही पश्चिमेकडची बाजू. यातलं सिफ्नोस सुमारे 74 चौरस किलोमीटरचं आहे आणि कायम राहणारी माणसं तीन हजारांच्या आत आहेत. बेटावर विमानतळ नाही, मोठी क्रूझ जहाजं लागतील असा धक्काही नाही. म्हणून ते शांत राहिलं आहे. जून किंवा सप्टेंबरमध्ये गेलात तर गल्लीत तुमच्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. ऑगस्टचे पहिले तीन आठवडे मात्र अथेन्सकर सुट्टीवर येतात, खोल्या दुपटीच्या भावाला जातात आणि बसमध्ये उभं राहावं लागतं. तेवढा काळ टाळा.

नवखे प्रवासी इथे दोन चुका करतात. पहिली, किनाऱ्यांची यादी घरूनच तारीखवार लावून आणतात. दुसरी, उतरल्या उतरल्या स्कूटर घेऊन दिवसात चार किनारे करायला निघतात. कोणत्या दिवशी कोणता किनारा हे इथे वारा ठरवतो, आणि गावं तर चाकांवर बसून दिसतच नाहीत. पुढची आखणी हे दोन धरूनच केली आहे.

कधी जायचं, किती दिवस

मेच्या मध्यापासून जूनअखेर आणि सप्टेंबरपासून ऑक्टोबरचा पहिला आठवडा, हे दोन चांगले काळ. चालण्यासाठी मे उत्तम. डोंगर अजून हिरवा असतो, फुलं असतात, पण पाणी गार लागतं. पोहण्यासाठी सप्टेंबर, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हाही उबदार असतो. ऑक्टोबर पुढे सरकला की बसफेऱ्या कमी होतात आणि खानावळी एकेक करून बंद होतात.

चार रात्री ही किमान गरज, पाच असतील तर घाई होत नाही. दोनच रात्रींसाठी येऊ नका. एक दिवस बोटीत जातो, आणि दुसऱ्या दिवशी नेमका वारा सुटला तर बेट खोलीच्या खिडकीतून बघावं लागतं.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघण्याच्या किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात अडीच-तीन महिने हाताशी ठेवा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळाच मिळत नाहीत. किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. शेंगेन देशांत राहण्याचा परवाना असलेल्यांना, म्हणजे जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या मंडळींना, तोच परवाना आणि पासपोर्ट पुरतो.

बोट

अथेन्सच्या विमानतळावरून पिरेयस बंदरात जायला दोन सोपे मार्ग आहेत. निळी मेट्रो, म्हणजे 3 क्रमांकाची लाइन, 2022 पासून थेट पिरेयसला जाते. सुमारे तास लागतो. एक्स96 ही बस रात्रंदिवस चालते, त्यामुळे मध्यरात्री उतरणाऱ्यांना तीच सोयीची. बंदर लांबच लांब पसरलेलं आहे आणि दरवाजांना ई1, ई2 असे क्रमांक आहेत. चुकीच्या दरवाजाशी उतरलात तर सामान ओढत पंधरा-वीस मिनिटांची पायपीट होते. तुमचा दरवाजा कोणता हे तिकिटावर किंवा बोट कंपनीच्या संदेशात असतं. आदल्या संध्याकाळी एकदा पाहा, कधीकधी तो बदलतो.

सिफ्नोसला दोन तऱ्हेच्या बोटी जातात. वेगवान बोट अडीच-तीन तासांत पोचवते. ती महाग असते, चहूबाजूंनी बंद असते, आणि लाटा उठल्या की चांगलीच हिंदकळते. साध्या मोठ्या बोटीला पाच तासांच्या आसपास लागतात, पण ती स्वस्त असते, वर उघडा डेक असतो आणि खवळलेल्या समुद्रातही बरीच स्थिर राहते. घाटात गाडी लागते अशांनी मोठी बोटच घ्यावी. उलटीची गोळी घ्यायचीच असेल तर बोट सुटण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास आधी; मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

चढताना मोठ्या बॅगा खालच्या वाहनांच्या मजल्यावर रॅकमध्ये ठेवायच्या असतात. रॅकवर बेटांची नावं लिहिलेली असतात, आपली बॅग सिफ्नोसच्याच खणात ठेवा. पासपोर्ट, पैसे, औषधं मात्र अंगावर. उतरताना खरी गंमत आहे: बोट धक्क्याला जेमतेम काही मिनिटं लागते. घोषणा झाली की लगेच जिना उतरून खाली जाऊन उभं राहायचं. मागचा अजस्र दरवाजा उघडत असतानाच लोक चालायला लागतात, आणि त्यानंतर वरून धावत आलेल्याला बोट मिलोस दाखवून आणते. बऱ्याच फेऱ्यांत सिफ्नोसच्या आधी सेरिफोस लागतं आणि घाईत नावं सारखीच ऐकू येतात. धक्क्यावरची पाटी वाचूनच पाऊल टाका.

परतीच्या बोटीचा नियम एकच आहे आणि तो मोडू नका: घरी परतण्याचं विमान ज्या दिवशी आहे, त्याच्या आदली रात्र अथेन्समध्ये काढायची. सकाळची बोट आणि संध्याकाळचं विमान हे गणित कागदावरच जुळतं. वारा वाढला की बंदर अधिकारी बोटी रोखतात. ग्रीकमध्ये या बंदीला 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. धक्क्यावर हा शब्द ऐकू आला, की आधी मुक्कामाच्या मालकाला फोन करून रात्र वाढवून घ्या, तिकिटाचं नंतर बघता येतं. बंदीमुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते.

वारा कसा वाचायचा

आपल्याकडे जुलैत वारा म्हणजे पाऊस. इथे उलट. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा कोरडा वारा वाहतो, तेव्हा आकाश निळंशार असतं, ऊन कडक असतं, आणि तरी बोटी बंद असतात. आभाळाकडे बघून काही कळत नाही, अंदाजच पाहावा लागतो. ग्रीक हवामान खात्याचा किंवा फोनवरच्या कुठल्याही वाऱ्याच्या ॲपचा चालेल, फक्त वेग 'बोफर्ट' मापात लावून ठेवा, कारण बेटावर सगळे त्याच मापात बोलतात.

4 बोफर्टपर्यंत सगळे किनारे खुले समजा. 5 ला उघड्या किनाऱ्यावर छत्री टिकत नाही आणि वाळू अंगाला टोचते. 6 म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटर. स्कूटर वळणावर ढकलली जाते, आडोशाच्या खाडीतच जायचं. 7 ला लहान वेगवान बोटी रद्द व्हायला लागतात, आणि 8 ला, म्हणजे ताशी 62 किलोमीटरच्या पुढे, बहुधा मोठ्याही थांबतात. मेल्तेमी साधारण दुपारी सर्वांत जोरात असतो आणि संध्याकाळी पडतो. म्हणून वाऱ्याच्या दिवसांत पोहणं सकाळी नऊ ते बारा उरकून घ्यावं.

आता किनारे. वारा उत्तरेचा असेल तर दक्षिणेकडे जा: प्लातिस यालोस, फारोस, ख्रिसोपिगी मठाजवळचा आपोकोफ्तो. डोंगर पाठीशी असतो, पाणी शांत राहतं. वाथीची खाडी पश्चिमेला असली तरी तिचं तोंड इतकं अरुंद आहे की ती जवळपास तळ्यासारखी आहे. कोणत्याही वाऱ्यात ती हुकमी जागा. वारा दक्षिणेचा झाला, जे वसंतात आणि शरदात होतं, की प्लातिस यालोसला लाटा येतात. तेव्हा बंदराजवळचं कमारेस किंवा वाथी. अगदी निवांत दिवस मिळाला तर तो उत्तरेच्या हेरोनिसोस आणि व्रुलीडियासाठी राखून ठेवा. तिकडे वाऱ्यात जाणं म्हणजे पेट्रोल जाळणं.

पोहता न येणाऱ्यांसाठी वाथी, कमारेस आणि प्लातिस यालोस. तिन्ही ठिकाणी वाळू आहे आणि पाणी हळूहळू खोल होत जातं. वाथीत तर बरंच आत गेलं तरी कंबरेएवढंच. कास्त्रो या जुन्या गावाच्या खालच्या खडकांवरून लोक उड्या मारताना दिसतील. तिथे पहिल्या पावलालाच खोल पाणी आहे आणि वर चढायला धड पायऱ्या नाहीत, तेव्हा पट्टीचे पोहणारे असाल तरच उतरा. कुठल्याही किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असं धरू नका. सुती कपडे घालून पाण्यात जाण्याची आपल्याकडची सवय इथे सोडावी. भिजलेलं सुती जड होऊन ओढतं आणि वाऱ्यात हुडहुडी भरते. खडकांवर समुद्री साळ, म्हणजे काळ्या काट्यांचे गोळे, चिकटलेले असतात. काटा टाचेत मोडला तर दिवस वाया जातो, त्यामुळे रबरी तळाचे पाण्यातले बूट सोबत हवेत.

छत्री-खुर्चीचं भाडं द्यावंच लागतं असं नाही. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा कायद्यानं सार्वजनिक आहे, आणि 2024 च्या कायद्यानं भाड्यानं दिलेल्या किनाऱ्याचा किमान अर्धा भाग मोकळा ठेवणं बंधनकारक केलं आहे. स्वतःची चटई अंथरून बसा, कोणी उठवू शकत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर झावाची झाडं आहेत. दहाच्या आत पोचलं तर त्यांची फुकटची सावली मिळते, नंतर ती गावकऱ्यांची.

राहायचं कुठे

बेटाच्या मधोमध डोंगराच्या सोंडेवर गावांची एक माळ आहे: आर्टेमोनास, पेताली, अपोलोनिया, कातावाती, एक्झाम्बेला. एकातून दुसऱ्यात कधी शिरलो हे कळतही नाही. अपोलोनिया ही 1836 पासूनची राजधानी. सगळ्या बसेस इथून सुटतात, म्हणून पहिल्या खेपेला मुक्काम इथेच किंवा वीस मिनिटं चालून आर्टेमोनासला करावा. आर्टेमोनास जास्त शांत आहे, जुन्या श्रीमंत घरांचं गाव आहे आणि बदामाची मिठाई तिथलीच घ्यावी. लहान मुलं बरोबर असतील तर प्लातिस यालोस, कारण खोलीतून थेट वाळूत उतरता येतं. कमारेस बंदराचं गाव आहे. उशिरा येणाऱ्या किंवा पहाटे सुटणाऱ्या बोटीसाठी एक रात्र ठीक. वाथी फार सुंदर आहे, पण संध्याकाळची शेवटची बस गेली की तुम्ही तिथलेच.

खोली ठरवताना मालकाला तीन गोष्टी विचारा. गाडी दारापर्यंत येते का? गावांच्या आतल्या गल्ल्या पायऱ्यांच्या आहेत, आणि 'अगदी मध्यवर्ती' खोली म्हणजे चाकांची बॅग साठ पायऱ्या उचलणं असू शकतं. बंदरावरून न्यायला कोणी येईल का? पुष्कळ मालक येतात, फक्त बोटीचं नाव आणि वेळ आधी कळवावी लागते. तिसरं, नळाचं पाणी पिता येतं का? साधारणपणे बाटलीचंच पितात. खोलीच्या भाड्याशिवाय रात्रीमागे एक सरकारी पर्यावरण कर असतो आणि तो बहुधा तिथेच भरावा लागतो. आधी माहीत असलं की हुज्जत होत नाही. संडासात कागद टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा. नळ्या अरुंद आहेत आणि तुंबलं तर दोष पाहुण्याचाच.

बस, आणि स्कूटरचा मोह

बससेवेला 'केटेल' म्हणतात. कमारेस ते अपोलोनिया सुमारे पाच किलोमीटर चढ आहे आणि बोट आली की बस सहसा धक्क्याजवळ उभी असते. अपोलोनियाहून आर्टेमोनास, कास्त्रो, फारोस, प्लातिस यालोस आणि वाथी या सगळीकडे बस जाते. हेरोनिसोसच्या फेऱ्या मोजक्याच. तिकिटासाठी सुटे पैसे जवळ असावेत. वेळापत्रक दर महिन्याला, कधी पंधरा दिवसांनीही बदलतं, म्हणून इंटरनेटवरच्या जुन्या फोटोवर विसंबू नका. थांब्यावर चिकटवलेल्या कागदाचा स्वतः फोटो काढा, आणि जातानाच परतीची शेवटची बस कोणती ते वाचा. टॅक्सी बेटावर बोटावर मोजण्याइतक्या आहेत.

भारतीय परवान्यावर वाहन घ्यायचं तर आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आरटीओकडून काढून न्या. फक्त चारचाकीचा परवाना असेल तर स्कूटर घेऊ नका. कोणी दिली तरी अपघातात विमा हात वर करतो. कच्च्या रस्त्यावर टायर आणि तळाचं नुकसान बहुतेक विम्यांत येत नाही, आणि दूरच्या किनाऱ्यांचे रस्ते शेवटी कच्चेच असतात. गाडी घ्यायची तर एका दिवसासाठी घ्या: सकाळी हेरोनिसोस आणि व्रुलीडिया, दुपारी आयोस आंद्रेयासची टेकडी. बाकी दिवस बस आणि पाय पुरतात.

पाखाड्यांवरून

कोकणातल्या माणसाला हे बेट लगेच ओळखीचं वाटेल. गावांना जोडणारे दगडी पायऱ्यांचे जुने रस्ते म्हणजे सरळसरळ पाखाड्या, ग्रीकमध्ये 'कालदेरिमी'. दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय रचलेले गडगे, डोंगरउतारावर त्याच दगडांनी बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतपट्ट्या. असे दगड रचण्याची ही कला ग्रीससह काही युरोपीय देशांच्या नावे 2018 मध्ये युनेस्कोच्या वारशात नोंदली गेली. आपले गडगे मात्र कोणी मोजत बसलं नाही.

या वाटांचं सुमारे शंभर किलोमीटरचं जाळं साफ करून त्यावर क्रमांकाच्या पाट्या लावल्या आहेत. फाट्यावर पाटी दिसली नाही तर पुढे जाऊ नका, मागच्या पाटीपर्यंत परत या. बकऱ्यांनी पाडलेल्या वाटा खऱ्या वाटेसारख्याच दिसतात आणि काटेरी झुडपात नेऊन सोडतात. वाटेत तारेची किंवा लाकडी फाटकं लागतात. उघडून आत जायला हरकत नाही, पण दोरी पुन्हा तशीच बांधायची. बंद बूट, माणशी दोन लिटर पाणी, टोपी. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि मान-कान संध्याकाळी सोलल्यासारखे लाल होतात. सावली कुठेच नाही, म्हणून उन्हाळ्यात आठच्या आत निघायचं. आणीबाणीचा क्रमांक 112.

पहिल्या दिवसासाठी सोपी वाट फारोस ते प्लातिस यालोस. बसनं फारोसला उतरा. छोटं कोळ्यांचं गाव आहे. तिथून ग्लिफोच्या किनाऱ्यावरून समुद्राला धरून जाणारी वाट वीस-पंचवीस मिनिटांत ख्रिसोपिगीला आणते. 1650 चा हा पांढराशुभ्र मठ समुद्रात घुसलेल्या खडकाच्या जिभेवर आहे, आणि ती जीभ मुळाशी फाटलेली आहे. मधल्या भेगेवरून छोटा पूल ओलांडूनच मठात जाता येतं. गावकरी सांगतात, चाच्यांपासून पळणाऱ्या बायकांनी मेरीमातेचा धावा केला आणि खडक दुभंगला. पुलावर उभं राहून खाली बघा: भेगेतून येणारी लाट दोन्ही भिंतींवर आपटून हिरव्याची पांढरी होते. आत जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओली चड्डी आणि टॉवेल चालत नाही, एक पातळ ओढणी पिशवीत असली की काम भागतं. नंतर शेजारच्या आपोकोफ्तोला पोहा, जेवा आणि टेकडीवरून तासाभरात प्लातिस यालोसला उतरा. तिथे परतीची बस.

दुसरी वाट अपोलोनिया किंवा आर्टेमोनासहून कास्त्रोला उतरते. साधारण पाऊण ते एक तास. कास्त्रो ही जुनी राजधानी. समुद्रावर उभ्या टेकाडाभोवती घरं अशी चिकटून बांधली आहेत की बाहेरच्या घरांच्या पाठी हाच तट. आत शिरायला बोळकांडीवजा झाकलेले दरवाजे आहेत. घरं दोन मजली, पण एकाच माणसाची असतीलच असं नाही: खालचा मजला खालच्या गल्लीत उघडतो आणि वरचा मजला वरच्या गल्लीत, छोट्या पुलावरून. गल्लीतच रोमन काळच्या दगडी शवपेट्या पडलेल्या आहेत. त्यांवर बसू नका. टोकाला, खाली समुद्रातल्या खडकावर, एफ्ता मार्तिरेस म्हणजे सात हुतात्म्यांचं एवढंसं चर्च दिसतं. पायऱ्या उतरून जाता येतं, पण वारा 6 बोफर्ट असेल तर वरूनच नमस्कार करावा. लाटांचा फवारा पायऱ्यांवर येतो आणि दगड निसरडे होतात.

कास्त्रोहून पूर्वेच्या किनाऱ्यानं फारोसपर्यंतही वाट आहे, दीड-दोन तासांची. सकाळी ती पूर्ण उन्हात असते, दुपारनंतर डोंगराची सावली पडते. तेव्हा दुपारी चारनंतर निघणं शहाणपणाचं.

पायात जोर असेल त्यांनी कातावातीहून प्रोफितिस इलियासवर चढावं. सुमारे 680 मीटरचं हे बेटाचं सर्वोच्च टोक, वर तटबंदीचा मठ. चढायला दीड ते दोन तास. एवढी उंची सह्याद्रीत कोणी मोजणार नाही, पण इथे सगळा चढ उघड्यावर आहे आणि माथ्यावर वारा खालच्यापेक्षा दुप्पट वाटतो. त्यामानानं आयोस आंद्रेयासची टेकडी सोपी आहे, वर गाडीही जाते. इथे मायसेनियन काळातली, म्हणजे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची तटबंदीची वस्ती खणून काढली आहे आणि लहानसं संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा गावात विचारूनच चढा.

हे इतकं लहान बेट एके काळी सोन्या-चांदीच्या खाणींवर गब्बर होतं. इ.स.पू. 525 च्या सुमारास इथल्या लोकांनी डेल्फीला संगमरवरी खजिनागृह बांधलं. त्याची शिल्पं आज डेल्फीच्या संग्रहालयात आहेत. पुढे खाणी बुडाल्या. देवाचा दशांश द्यायचा बंद केला म्हणून समुद्र आत शिरला, असं प्राचीन ग्रीक सांगत.

ताटात काय

शाकाहारी मराठी माणसाचं पोट या बेटावर भरतं, अट एवढीच की रविवार साधायचा. रविवारचं जेवण म्हणजे 'रेविथाडा': काबुली चणे. शुक्रवारी रात्री भिजत घालतात, शनिवारी संध्याकाळी मातीच्या भांड्यात चणे, चिरलेला कांदा, भरपूर ऑलिव्ह तेल, मीठ, लॉरेलचं पान आणि पाणी घालून झाकण घट्ट बसवतात आणि लाकडाच्या भट्टीत रात्रभर मंद आचेवर सोडतात. पाणी परंपरेनं पावसाचं साठवलेलं, कारण जड पाण्यात चणे शिजत नाहीत. आपल्याकडे डाळ दडदडीत राहते ती याच कारणानं. पूर्वी घराघरातून भांडी गावच्या भट्टीवर जात आणि रविवारी चर्च सुटल्यावर घरी येत. सकाळी झाकण काढलं की वरचे दाणे किंचित करपलेले, खालचे लोण्यासारखे, आणि कांदा विरघळून गेलेला. वरून लिंबू पिळायचं, पावाबरोबर खायचं. मसाला शोधू नका, तो नाहीच. खानावळीत दुपारी दोनपर्यंत भांडं रिकामं होतं. शनिवारीच सांगून ठेवा.

इतर दिवशी चण्याचे तळलेले वडे, म्हणजे 'रेविथोकेफ्तेदेस'. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणावं असं 'फावा', वर कच्चा कांदा. शिजवलेल्या केपरच्या कळ्यांची आंबट 'काप्पारोसालाता'. उकडलेली रानभाजी 'होर्ता'. 'खोरिस क्रेआस, खोरिस प्सारी' म्हणजे मांस नको, मासे नकोत. 'निस्तीसिमो' हा उपवासाचा शब्दही उपयोगी आहे: ऑर्थोडॉक्स उपवासाला मांस, दूध, अंडी चालत नाहीत, आणि 1 ते 14 ऑगस्टला असे पदार्थ हटकून मिळतात. पण सावध, ऑक्टोपस आणि कोळंबी त्यांच्या उपवासाला चालतात! वडे मासे तळलेल्याच तेलात तळलेले असू शकतात, विचारून घ्या. पारंपरिक चीजमध्ये बहुधा प्राणिज विरजण असतं, आणि मधाच्या 'मेलोपिता'त अंडं.

मांसाहारींसाठी 'मास्तेलो': कोकराचं किंवा करडाचं मटण, तांबडी वाइन आणि ढीगभर शेपू, मातीच्या उभट भांड्यात, तळाशी द्राक्षवेलीच्या काड्यांची जाळी. शेपू न खाणाऱ्यांचंही मत इथे बदलतं. वाइनच्या गाळात मुरवलेलं 'मानुरा' चीज तिखटसर असतं, थोडंच मागवा.

जेवणाच्या वेळा उशिराच्या: दुपारी दोन, रात्री नऊ. साधारण दोन ते साडेपाच गाव झोपतं, दुकानं बंद. त्या वेळात गल्लीत मोठ्यानं बोलू नये. आणि मराठी कानाला हमखास फसवणारी गोष्ट: ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे होय. खोली आहे का विचारल्यावर मालकीणबाई 'ने, ने' म्हणाल्या तर मागे फिरू नका. नाही म्हणजे 'ओही'.

पानिगिरी

बेटावर दोनशेहून जास्त चर्चेस आहेत आणि प्रत्येकाचा संत वेगळा, म्हणजे प्रत्येकाची जत्रा वेगळी. तिला 'पानिगिरी' म्हणतात. संताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी प्रार्थना होते, मग चर्चलगतच्या दालनात लांब टेबलांवर सगळ्यांना जेवण, नंतर व्हायोलिन आणि लाउतो नावाचं तंतुवाद्य. परक्यालाही पंगतीत जागा मिळते. पद्धत पाळा: प्रार्थना संपेपर्यंत थांबा, पंगती लागतात तेव्हा आपलं जेवण झालं की उठून जागा द्या, आणि चर्चमध्ये मेणबत्ती घेऊन पेटीत काही युरो टाका. सर्वांत मोठी जत्रा ख्रिसोपिगीची, ईस्टरचा दिवस धरून चाळिसाव्या दिवशी. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरपेक्षा बहुधा वेगळ्या दिवशी येतो. 2027 मध्ये तो 2 मेला आहे, म्हणजे ही जत्रा 10 जूनला आणि जेवण 9 च्या रात्री. त्या आठवड्याची खोली आधीच धरा. प्रोफितिस इलियासची जत्रा 19 जुलैच्या संध्याकाळी डोंगरमाथ्यावर. टॉर्च हवाच, उतरणं अंधारात आहे.

मडकी आणि शेवटचा दिवस

वाथीला 1990 च्या दशकात रस्ता झाला, तोवर तिथे बोटीनं किंवा डोंगर उतरूनच जावं लागे. कुंभारांनी समुद्रकाठीच भट्ट्या लावल्या, कारण माल थेट होडीत चढायचा. इथली माती आच सोसणारी आहे, म्हणून सिफ्नोसची भांडी शोभेची नसून चुलीवरची. वाथी, कमारेस, प्लातिस यालोस आणि हेरोनिसोसला कार्यशाळा चालू आहेत. छपरांवर भोकाभोकांची मातीची धुराडी दिसतात ती 'फ्लारोस', तीही यांचीच. स्वयंपाकाचं भांडं हवं तर तसं स्पष्ट सांगा, रंगीत झिलईचं वाडगं भट्टीत तडकतं. भांडं टिचकीनं वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर घ्या, भदभद वाजलं तर कुठेतरी चीर आहे. झाकण वेगळं गुंडाळा, पोकळीत मोजे कोंबा आणि विमानात हातसामानातच ठेवा. घरी वापरण्यापूर्वी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि नेहमी थंड ओव्हनमध्येच ठेवून मग आच वाढवा.

निघायच्या दिवशी बोटीच्या तासभर आधी कमारेसला उतरा. अपोलोनियाहून येणारी बोटीच्या आधीची शेवटची बस खच्चून भरते, म्हणून तिच्या आधीची धरा. बोटीला उशीर असेल तर सामान धक्क्याजवळच्या कॅफेत ठेवून समोरच्या वाळूत पाय बुडवून बसता येतं, कमारेसचा किनारा धक्क्यापासून पाच मिनिटांवर आहे. बोट खाडीच्या तोंडाशी दिसली की धक्क्यावर पोचायला तेवढा वेळ पुरतो.